नाथसागराच्या काठचा लव्हाळा

मे महिन्याच्या सुटीत आम्ही अम्मीला घेऊन नगरहून निघालो. अम्मीचे माहेर गोदाकाठचे. १९७६ साली जायकवाडी धरण झाले आणि शेवगाव-नेवासे भागातली कितीतरी गावठाणे नाथसागरात गेली. त्यांत तेही गेले. नानीची कबर तिथेच राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुनी जमीन उघडी पडते, एवढ्याच आशेवर हा प्रवास होता.

घोडेगाव, नेवासे फाटा मागे टाकून प्रवरासंगमला आलो. तिथून कच्च्या रस्त्याने काठावर उतरलो. ना घरे, ना कब्रस्तानची भिंत. भेगाळलेला काळा गाळ, मध्येच कुणाची गाळपेर आणि पाण्यालगत लव्हाळ्याचा हिरवा पट्टा.

मुलांच्या हाती आम्ही एक काडी दिली. ‘‘बोटांत फिरवून बघा.’’ गवताची काडी गोल असते, तिला पेरे असतात. लव्हाळ्याची काडी तीन कडांची, भरीव आणि बिनपेऱ्याची. मुळाशी काळपट गाठी, तसबीहच्या मण्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या. वरून कितीही खुरपा, गाठीतून पुन्हा कोंब फुटतो. म्हणून शेतकरी त्याला वैतागतो. पाणथळीत मात्र हेच कूळ काठचा गाळ धरून ठेवते, बेडकांना आडोसा देते, पाखरांना दाणा देते. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. थंडीत इथे चक्रवाक दूरदेशाहून उतरतात. नांगर अगदी पाण्यापर्यंत गेला, तर आधी हा पट्टा जातो आणि त्याच्याबरोबर पाखरांचा आसराही.

हीच गाठ वैद्यांचा नागरमोथा आणि युनानी हकिमांची साद कूफी. आम्ही हे सांगत होतो, तोवर अम्मीने एक गाठ धुऊन दगडावर ठेचली, नाकाशी धरली आणि मटकन खाली बसली.

‘‘माझ्या अम्माच्या केसांचा वास,’’ ती म्हणाली. नानी शिकेकाईत नागरमोथा कुटून घालायची.

कबर काही सापडली नाही. अम्मीने त्या हिरव्या पट्ट्याकडे तोंड करून फातिहा पढली. धाकट्याने विचारले, ‘‘दादी, एक रोप घरी न्यायचे?’’

‘‘नको बेटा. राहू दे इथेच, तिच्यापाशी.’’