लाडोबा

तुमची त्याची गाठ पडलेली असणारच, फक्त त्याला या नावाने कोणी हाक मारलेली तुम्ही ऐकली नसेल. जादू, भुतंखेतं, तिलिस्म, ड्रॅगन असलं काही ज्या मालिकेत असतं, तिथे तो हटकून उतरतो. कथेचा नायक तो नसतो. राज्य त्याचं नसतं, राजकन्या त्याची नसते, पुष्कळदा पहिल्या भागात त्याच्या वाट्याला धड चार वाक्यंही आलेली नसतात. पण महिन्याभरात सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघायला लागतं आणि नायक बिचारा कोपऱ्यात उभा. प्रेक्षकांनी डोक्यावर चढवून ठेवलेल्या या पात्राला मी लाडोबा म्हणतो. नाशिकच्या इंदिरानगरात त्याचा मुक्काम बराच जुना आहे. रथचक्र चौकाच्या आजूबाजूला जेवढे बंगले, रो-हाउस आणि तीन मजली सोसायट्या आहेत, त्यांतल्या बहुतेक दिवाणखान्यांत तो कधी ना कधी राहून गेला आहे. भाडं न देता.

तो इथे पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो १९९४ साली, क्रूरसिंगाच्या वेषात. रविवारी सकाळी दूरदर्शनवर नीरजा गुलेरींची ‘चंद्रकांता’ लागायची. देवकीनंदन खत्रींच्या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीवरून घेतलेली गोष्ट. एक राजपुत्र, एक राजकन्या, दोन वैरी राज्यं, ऐयार, तिलिस्म, सगळा सरंजाम जागच्या जागी. पण मालिका संपल्यावर मोकळ्या प्लॉटवर खेळायला जमलेल्या पोरांत वीरेंद्रसिंह व्हायला कोणी तयार नसायचं. सगळ्यांना क्रूरसिंग व्हायचं असायचं. भुवयांना काजळ फासायचं, त्यांची टोकं कपाळाकडे वळवायची आणि कारण असो नसो, ओरडायचं: यक्कू!

आता या क्रूरसिंगाने केलं काय, ते नीट आठवून बघा. कट रचले, ते फसले. पुन्हा रचले, पुन्हा फसले. असला कारभारी एखाद्या पतसंस्थेत असता तर संचालक मंडळाने पहिल्याच वार्षिक सभेआधी त्याला घरी बसवलं असतं. पण लाडोबाला कामाचा हिशेब कोणी विचारत नाही. अखिलेंद्र मिश्रांनी त्याला त्या भुवया दिल्या, तो शब्द दिला, आणि तेवढ्या भांडवलावर तो आजपर्यंत जगतो आहे. त्याच मालिकेत इरफान खान नावाचा एक किडकिडीत नट ऐयाराचं काम करत होता. त्याच्याकडे तेव्हा किती जणांचं लक्ष गेलं? लाडोबा पडद्यावर असला की त्याच्या शेजारी साक्षात इरफान उभा असला तरी दिसत नाही, ही त्याची खरी करामत. बाकी तिलिस्म वगैरे किरकोळ.

त्याचं घराणं तसं खानदानी आहे. इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याकडे निघालं की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक लागतं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला. त्यात अण्णा साळुंके राम झाले होते, आणि सीताही तेच झाले होते. पडद्यावर राम दिसला की लोक पायांतल्या वहाणा काढून ठेवायचे, असं सांगतात. साळुंके सिनेमात येण्याआधी मुंबईत एका खानावळीत स्वयंपाकी होते, हे त्या हात जोडलेल्या मंडळींना ठाऊक असतं तरी काही फरक पडला नसता. प्रेक्षकाने एकदा मानलं की मानलं. लाडोबाची सगळी मिजास या एका खात्रीवर उभी आहे. अर्थात रामाला लाडोबा म्हणायची माझी प्राज्ञा नाही. मी बोलतोय ते त्या जोडलेल्या हातांबद्दल.

१९९७ मध्ये तो ‘शक्तिमान’ होऊन आला तेव्हा चक्क नायकाच्या खुर्चीत बसला आणि बिघडला. लाडोबाला नायक केलं की तो उपदेश करायला लागतो. एरवी गरगर फिरणारा, दुष्टांना लोळवणारा हा गडी भाग संपता संपता पोरांना दात घासण्यावर आणि खोटं न बोलण्यावर प्रवचन द्यायचा, आणि ज्या पोराला आईने त्याच गोष्टी दहादा सांगून झालेल्या असत, ते पोर मान डोलवायचं. इंदिरानगरातल्या आयांनी मात्र त्याला मनापासून दुवा दिला. कारण उघड होतं. ‘शक्तिमानला सांगू का?’ एवढं म्हटलं की दुधाचा पेला रिकामा.

पण त्याचा खरा सुवर्णकाळ म्हणजे अण्णा नाईक. इथे जरा बसून बोलायला हवं.

‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली, रात्री साडेदहाला. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, अंगणातला अंधार, मालवणी बोली. गोष्टीची सुरुवात अण्णांच्या मरणाने. म्हणजे माणूस आला तोच गेला. बाकी मंडळींनी पुढचे कित्येक महिने भयाण चेहरे करून एकमेकांवर संशय घेतला, घरगडी पांडूने ‘इसरलंय’ म्हणत सगळा महाराष्ट्र हसवला, मालिका रीतसर संपली. दुसरा कोणी असता तर फोटोला हार घालून घेऊन गप्प भिंतीवर लटकला असता. लाडोबाला हे मानवलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला तोच मुळी काळ मागे नेऊन, आणि अण्णा नाईक जिवंत, ठणठणीत, धोतर सावरत वाड्याच्या ओसरीवर हजर. २०२१ च्या तिसऱ्या भागात तर मेल्यानंतरही परतले. पहिल्या भागात ज्याचं प्रेत होतं त्याच्यावर पुढे दोन भाग निघाले, असा मान राजेमहाराजांनाही मिळत नाही.

आणि अण्णा होते कसे? रागीट, बाईलवेडे, दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारे, माणसाचा जीव घ्यायलाही न कचरणारे. इंदिरानगरातल्या एकाही सोसायटीने त्यांना कमिटीवर घेतलं नसतं. भाडेकरू म्हणूनसुद्धा ठेवलं नसतं. तरी साडेदहा वाजले की वरच्या मजल्यावरच्या काकू खालच्या वहिनींना खिडकीतून हाक मारत, ‘लागलं हो!’ माधव अभ्यंकरांनी त्या नजरेत अशी काही जरब ओतली होती की ते पडद्यावरून बघायला लागले की सोफ्यावरची माणसं नकळत पाय खाली घेत.

शिव्या हे लाडोबाचं खरं अन्न, स्तुतीवर तो एवढा फोफावत नाही. सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर त्याचा नाश्ता मांडलेला असायचा. दोघी चालताहेत, तिसरी मागून गाठते आहे, आणि पायांपेक्षा तोंडं पुढे.

‘काय तो मेला अण्णा! काल बघितलंत ना, कसा टक लावून बसला होता?’

‘बघितलं तर. मी टीव्ही बंदच करणार होते.’

‘मग?’

‘मग काय, तोवर संपलाच की भाग.’

ट्रॅकच्या दोन फेऱ्या अण्णांच्या नावाने व्हायच्या. त्यांच्या पापांची यादी जितकी लांब, तितकं चालणं जास्त. नवऱ्यांचा गट वेगळा चालायचा आणि अण्णांबद्दल फारसं बोलायचा नाही, पण त्या दिवसांत काही नवरे ‘जेवायला वाढ’ हे दोन शब्द पूर्वीपेक्षा खर्जात उच्चारू लागले होते, अशी तक्रार होती. एकदाच. दुसऱ्यांदा तसं म्हटल्यावर काय झालं ते त्यांनी ट्रॅकवर सांगितलं नाही.

त्यात मौज अशी, की इंदिरानगर पडलं धुळे-जळगाव-मालेगावकडून येऊन सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी धरलेल्या माणसांचं. घरात ‘माले-तुले’ बोलणारी पोरं गॅलरीत उभी राहून ‘माका-तुका’ करायला लागली. ती मालवणी आकेरीच्या एखाद्या माणसाने ऐकली असती तर अण्णांच्या भुतापेक्षा तिलाच घाबरला असता.

या सगळ्यात अण्णांच्या बायकोकडे, माईंकडे कोणाचं लक्ष होतं? त्या नवऱ्याचे अपमान गिळून वाडा चालवत होत्या, पोरंबाळं सांभाळत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पानात वाढत होत्या. शकुंतला नरेंनी ते काम इतकं खरं केलं की ते काम आहे हेच कोणाला जाणवलं नाही. मालिका चालते ती असल्या पात्रांवर, मिरवतो लाडोबा. माईंचा चेहरा कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून पाठवल्याचं आठवत नाही. अण्णांचा मात्र वाढदिवसापासून लाइट बिलापर्यंत कशालाही चालायचा.

अण्णांची प्रेयसी शेवंता आली आणि लाडोबाला आयुष्यात प्रथमच घरातल्या घरात स्पर्धा उभी राहिली. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता थोड्याच दिवसांत अण्णांच्या वरचढ झाली. अण्णांना हे फारसं आवडलं नसावं, पण करतात काय. तेही तिच्याकडेच बघत होते. तिसऱ्या भागात नटी बदलली तेव्हा इंदिरानगर रुसलं. नव्या मुलीने काम कसं केलं हे बघायच्या आधीच रुसलं. गोष्ट तीच, वाडा तोच, नाव तेच, पण ‘ही आमची शेवंता नव्हे.’ कोणी कितीही म्हणो की लोकांना पात्र आवडतं. लोकांना एक चेहरा आवडतो, एक मान वेळावणं आवडतं, आणि पात्र बिचारं त्या चेहऱ्याच्या मागे सामान उचलून चालत असतं.

अण्णांचा दुसरा भाग चालू होता, नेमकं त्याच २०१९ मध्ये लाडोबा एका घरात दोन पाळ्या करत होता. रात्री साडेदहाला आईसाठी अण्णा, आणि एप्रिल-मेच्या सोमवारी पहाटे लेकासाठी ‘गेम ऑफ थ्रोन्स’. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला लागणारा भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा. एरवी आठ वाजता पांघरूण ओढावं लागणारा मुलगा सव्वासहाला दात घासून, कानात बोंडं खुपसून मोबाइलसमोर बसलेला बघून घरातल्यांना वाटलं, पोरगं स्पर्धा परीक्षेला बसतंय.

तिथला लाडोबा म्हणजे जॉन स्नो. हाही मेलेला. २०१५ मध्ये पाचव्या पर्वाच्या शेवटी भोसकून मारला, २०१६ मध्ये उठवून बसवला.

‘अरे, पण हा मेला होता ना?’ आईने पोहे ढवळता ढवळता विचारलं.

‘आई, तो परत आला. स्टोरीच तशी आहे.’

‘हो का? मग आमच्या अण्णांना का हसतोस?’

परत येऊन जॉनने काय दिवे लावले, हे विचारू नये. शेवटच्या पर्वात त्याचं मुख्य काम म्हणजे चेहरा पाडून उभं राहणं आणि राणीला ‘तूच माझी राणी’ असं सांगत राहणं. आठ पर्वं ज्या शत्रूची भीती घातली, त्या नाइट किंगचा निकाल लावला त्याच्या धाकट्या बहिणीने. राणीचा सल्लागार टिरियन, त्याची गोष्ट आणखी मजेची. एकदा शहाणा म्हणून नाव झालं की मग शहाणपण केलं नाही तरी भागतं. सातव्या पर्वात त्याने मोठ्या अकलेने आपल्या बापाचा किल्ला जिंकायला सैन्य पाठवलं, तर किल्ला जवळजवळ रिकामा, आणि शत्रू तिकडे दुसरंच गाव लुटतोय. एवढं होऊनही शेवटच्या भागात हातात बेड्या असताना राजा कोणी व्हावं हे यानेच सुचवलं आणि सगळ्या सरदारांनी माना हलवल्या. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत असा एक मामा असतो. त्याने जमवलेली दोन लग्नं मोडलेली असतात, तरी तिसऱ्याला त्यालाच विचारतात.

त्या राणीला, डेनेरिसला, तर लोकांनी देवीच केलं होतं. तिच्या किताबावरून परदेशांत मुलींची नावं खलीसी ठेवली गेली. शेवटून दुसऱ्या भागात तिने ड्रॅगनवर बसून अख्खं शहर जाळलं आणि भक्त हादरले. शेवटचं पर्व नव्याने करा म्हणून मागणी झाली, तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. इंदिरानगरातूनही दोन-चार गेल्या असतील. वास्तविक ती बाई पहिल्यापासूनच माणसं जाळत आली होती. फक्त तोवर जळणारे लोक प्रेक्षकांना आवडत नव्हते.

रागावला की लाडोबा असा लेखकावर उलटतो. स्वतः तोंड उघडत नाही, भक्तांना पाठवतो. आणि लेखकही पुष्कळदा घाबरून त्याचं ऐकतो. ज्याला दहाव्या भागात मारायचं ठरवलेलं असतं त्याला शंभराव्या भागापर्यंत पोसतो, त्याच्यासाठी प्रसंग काढतो, दर सोमवारी त्याला एकदा तरी दारातून वळून बघायला लावतो. त्या वळून बघण्याला मागून वाजणाऱ्या संगीतासकट पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध बघून येता येतं.

त्याचं म्हातारपण मात्र बघवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला घेतलं. एरवी गाड्यांनी तुंबलेला इंदिरानगरातला बोगदासुद्धा त्या दिवसांत मोकळा पडला होता, म्हणजे घरात माणसं किती होती ते समजून घ्या. एका घरातल्या बाबांनी, आता चाळिशीला टेकलेल्या, मोठ्या हौसेने आपल्या सात वर्षांच्या मुलाला समोर बसवलं. ‘बघ आता, बघ.’ शक्तिमान गरगर फिरला, हवेत गेला, खाली उतरला. मुलाने शांतपणे विचारलं, ‘बाबा, याला चक्कर नाही येत?’

बाबांनी दुर्लक्ष केलं. मग पडद्यावर गंगाधर आला. पुढे आलेले दात, जाड चष्मा, वर्तमानपत्रातला धांदरट फोटोग्राफर. मुलगा सरसावून बसला.

‘हा छान आहे.’

‘अरे, हाच तर शक्तिमान आहे! दोघे एकच.’

‘नको,’ मुलगा म्हणाला, ‘याला गंगाधरच राहू दे. हा निदान कामाला तरी जातो.’

बाबांनी रिमोट उचलला आणि बातम्या लावल्या.