सोफा घेताना आईंचे गुडघे मोजले

व्हाइटफील्डमध्ये भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो आणि सोफा दहा वर्षांचा. आमची चार वर्षांत तीन घरं झाली. आधी आयटीपीएलजवळ, मग मुलीच्या शाळेपाशी आणि २०२३ साली पर्पल लाइन मेट्रो कडुगोडीपर्यंत आल्यावर स्टेशनच्या अंगाला. त्यामुळे नवा सोफा मॉड्युलर घ्यायचा, यावर घरात एकमत होतं. तुकडे सुटे होतात, लिफ्टमध्ये मावतात आणि या घरात डावीकडे वळणारा एल पुढच्या घरात उजवीकडे वळवता येतो.

वाद होता तो कसा घ्यायचा यावर. नवऱ्याला आणि लेकीला हवा होता अगदी बुटका, खोल, पाय पसरून लोळता येईल असा. दुकानात आम्ही तिघंही त्यावर रेललो. छानच होता, खोटं कशाला बोलू?

सासूबाई बसल्या आणि आत रुतल्या. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला. म्हणाल्या, "अगं, घ्या की तुम्हाला आवडलाय तर. मला जेवणाच्या टेबलाची खुर्ची बरी."

दरवर्षी हिवाळ्यात त्या साताऱ्याहून चार महिने येतात. इथे कन्नड येत नाही, शेजारीपाजारी दिवसभर ऑफिसात. संध्याकाळी हॉलमध्ये सगळे जमतो, तेवढंच त्यांचं बोलणं. ते दोन तास त्यांनी टेबलाशी एकट्यानं बसायचं?

मी पर्समधून टेप काढली. बैठकीची उंची १४ इंच, खोली २८. आमची जेवणाची खुर्ची १८ इंच उंच आहे. बैठक इतकी खाली असली की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताना सगळा भार त्यांच्यावरच येतो. खोली जास्त असली की पाठ टेकेपर्यंत पाय अधांतरी. शेवटी १८ इंच उंचीचा आणि २१ इंच खोलीचा सोफा शोधला. लोळणाऱ्यांसाठी त्याच उंचीचं मोठं गादीचं स्टूल घेतलं. ते पुढे सरकवलं की झाला दिवाण.

मॉड्युलरमध्ये प्रत्येक तुकड्याला हात नसतो, हे नीट पाहा. आईंच्या बाजूचा तुकडा आम्ही मुद्दाम घट्ट हाताचा घेतला. फोमची 'डेन्सिटी ४०' असं विक्रेता सांगतो, पण त्या आकड्यावरून फोम मऊ की कडक ते कळत नाही. दहा मिनिटं बसूनच पाहायचं. खाली तुकडे जोडणाऱ्या क्लिपा हव्यातच, नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर सोफ्याची फाळणी होते. आणि घरी जमिनीवर त्या मापाचे पेपर अंथरून बाल्कनीचं दार उघडतं का तेही बघा.

१९७० साली मारिओ बेल्लिनी या इटालियन डिझायनरनं हुक आणि रिंगांनी जोडायचा 'कामालेओंदा' सोफा काढला, तो जगभर गाजला. आईंना मोबाइलवर दाखवला, तर म्हणाल्या, "आमच्याकडे गाद्या, लोड, तक्के होतेच की. पाहुणे आले की मांडायचे, गेले की उचलायचे." गणपतीत आम्ही तेच करतो. तुकडे भिंतीला लावायचे, मध्ये सतरंजी.

सध्या हातवाल्या तुकड्यावर आई बसतात, समोर ते स्टूल ओढून लेक त्यांच्याशी पत्ते खेळते. नवऱ्याला लोळायला सतरंजी उरलीय.