सातवी जागा

गाडी घ्यायचं ठरलं आणि आमच्या घरात प्रत्येकाला एकदम अक्कल फुटली. ह्यांना इंजिनात ताकद हवी, चिरंजीवांना छतात उघडणारी काच हवी, मामंजींचं म्हणणं, 'उद्या विकायला काढली तर किंमत आली पाहिजे.' सासूबाईंची मागणी एवढीच, की चढताना गुडघ्याला हिसका बसू नये. मला काय हवं ते कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू का, तेव्हा कुणी विचारलं असतं तरी मला ते चटकन सांगता आलं नसतं.

ही २०२५ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची जुनी गाडी पाच जणांची. तिच्यात आम्ही सहा जण बसत होतो: मामंजी, सासूबाई, हे, मी आणि दोन मुलं. धाकटी माझ्या मांडीवर. आता दहा वर्षांची घोडी मांडीवर घेऊन साताऱ्याहून नरसोबाच्या वाडीपर्यंत जायचं म्हणजे उतरताना पाय आपले आहेत की परक्याचे, ते कळत नाही. पण सातवं माणूसही आमच्या घरात होतं. माझी आई. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे आली. लेकीच्या घरी राहायचं, म्हणून तिच्या वागण्यात सतत एक संकोच. कुठे निघायची वेळ झाली की ती आधीच म्हणायची, "तुम्ही जा गं. मी आहे ना घर राखायला!"

पहिल्या खेपेला मी दोनदा आग्रह केला. दुसऱ्या खेपेला एकदा. पुढे पुढे नुसतं "येतो गं" म्हणून निघायला लागले. ती दत्ताची भक्त, पण वाडीला जायचो आम्ही. तिने मागितली ती फक्त कवठाची बर्फी.

तर ह्यांनी एका संध्याकाळी कागदावर टिपणं काढून आणली. म्हणाले, "मारुतीची एक्सएल-सिक्स बघू. मधल्या ओळीत दोन सुट्या ऐसपैस खुर्च्या, मागे दोघं, पुढे दोघं. सहा जणांची गाडी, आणि आपण सहाच तर माणसं!"

आई तिथेच मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "पुरे की," ती म्हणाली, "सहा म्हणजे खूप झाले."

रात्री मी ह्यांना म्हटलं, "आपण सात आहोत."

"अगं, पण त्या कुठे येतात?"

"जागा असते का?"

हे गप्प झाले. माणूस वाईट नाही हो, मोजायचं राहून गेलं एवढंच. आणि मोजायचं तर माझंही राहिलंच होतं की.

त्या रात्रीपासून मला काय हवं ते पक्कं झालं, आणि गाडी निवडायच्या कामात मी जातीने लक्ष घातलं. पहिलं काम रांगोळीचं. हसू नका. आमचा पोर्च साडेपंधरा फुटांचा. एकेका गाडीची लांबी फूट-इंचात काढली आणि पोर्चच्या फरशीवर रांगोळीने चौकोनच आखले. टाटाची सफारी सव्वापंधरा फुटांच्याही वर, म्हणजे भिंत आणि फाटक ह्यांच्यात जेमतेम दोन बोटं. ह्यांचा जीव तिच्यावर होता, पण रांगोळीपुढे बोलणार काय! कियाची कॅरेन्स पंधरा फुटांना इंचभर कमी, बसत होती. अर्टिगा साडेचौदा फुटांच्या आत, आणि रेनॉची ट्रायबर तेरा फुटांच्या जवळपास.

तेवढ्यात नवाच घोळ निघाला. जीएसटी कमी होणार, अशी घोषणा १५ ऑगस्टला झाली. ३ सप्टेंबरला दर ठरले आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेपासून, लागू झाले. जो तो म्हणे थांबा. थांबलो. पण कर सगळ्या गाड्यांचा सारखा उतरला नाही. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची पेट्रोलची गाडी १८ टक्क्यांत आली, त्याहून मोठी ४० टक्क्यांत. ट्रायबर पहिल्या गटात, अर्टिगा आणि कॅरेन्स दुसऱ्या. मोठ्या गाड्यांनाही आधी २८ टक्के आणि वर उपकर होता, तेव्हा त्याही थोड्या उतरल्याच. मामंजींचा कौल अर्थातच ट्रायबरला. तिची मागची आसनं काढूनही ठेवता येतात, हेही त्यांना फार आवडलं. पण तिचं इंजिन ९९९ सीसीचं. सात माणसं घेऊन घाट चढायचे, तर ह्यांना ते मनातून पटेना.

मग दुकानांच्या फेऱ्या. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा माझं एक ऐका, सगळं घर बरोबर न्या आणि सामानाची बॅगसुद्धा न्या. आम्ही कोकणात नेतो ती मोठी बॅग घेऊन गेलो, तर तिथला पोरगा बघतच राहिला. ह्या तीन ओळींच्या गाड्यांत सातही माणसं बसली की मागे सामानाला फारशी जागा उरत नाही. कागदावर ट्रायबरला ८४ लिटर, अर्टिगाला २०९, कॅरेन्सला २१६. आता लिटरवरून बायकांना काय कळायचं? दूध असतं तर कळलं असतं! बॅग ठेवून पाहिली की कळतं. ८४ म्हणजे डबे आणि पाण्याच्या बाटल्या. दोनशेच्या वर म्हणजे बॅग उभी राहते आणि शेजारी एखादी भाजीची पिशवी. अर्टिगाची सीएनजीची गाडी घ्यायची, तर गॅसची टाकी तिथेच मागे येते. रोजचं तीस-चाळीस किलोमीटर जाणं-येणं असेल तर ती परवडते, पण आमची गाडी निघणार सणावाराला, बॅगांसकट.

तिसऱ्या ओळीचं म्हणाल, तर सगळेच विक्रेते आपल्याला आधी पुढे बसवतात. मी सरळ मागे शिरले. मागची जमीन उंच, छप्पर उतरतं, त्यामुळे बैठक ठेंगणी. पाटावर बसल्यासारखे गुडघे वर येतात. हे कमीजास्त प्रमाणात सगळीकडेच. म्हणून चालवून बघायची गाडी आम्ही यवतेश्वरच्या घाटात नेली आणि ह्यांना मागच्या ओळीत बसवलं. चालवायला मी. पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस! तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला, "जरा हळू घे." वर पोचल्यावर बाहेर येताना आधी एक पाय, मग डोकं, मग बराच वेळाने दुसरा पाय. खाली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथे तुझ्या आईला बसवायचं नाही."

मी तरी कुठे बसवणार होते! म्हणूनच तर मधल्या ओळीत सलग तिघांचं आसन हवं होतं, सुट्या खुर्च्या नकोत. मधे सासूबाई, आई आणि धाकटी. पुढे हे आणि मामंजी. मागे मी आणि चिरंजीव. आणि लांबच्या रस्त्याला मी आणि हे आलटून पालटून, हे घाटातच कबूल करून घेतलं.

शेवटी अर्टिगा की कॅरेन्स, एवढंच राहिलं. अर्टिगा आमच्या पोर्चला सोयीची, आणि मामंजींच्या मते विकायलाही. पण ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटून पाहते. तिने २०२४ च्या जुलैमध्ये अर्टिगाला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी ५ पैकी १ तारा दिला होता. कॅरेन्सला तिने ३ दिले होते. ती तपासलेली अर्टिगा दोन एअरबॅगांची होती, पुढे त्या सहा झाल्या, हे मलाही माहीत होतं. तरी सबंध घर एकाच गाडीत बसवायचं म्हटल्यावर तो एक तारा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ३ म्हणजे काही पैकीच्या पैकी नव्हेत, पण मन जरा तिकडे झुकलं. कॅरेन्स घेतली, सातांची. छतातली काच काही आली नाही, चिरंजीव दोन दिवस फुगून होते.

तुळशीचं लग्न झाल्यावर वाडीला निघालो. सगळे बसले आणि आई दारात उभी. साडी बदललेली नाही, हातात किल्ली. "जा तुम्ही. मी आहे ना..."

माझ्या तोंडून काही निघायच्या आत सासूबाईच गाडीतून ओरडल्या, "विहीणबाई, मग कुलूप कशाला घेतलंय? चला लवकर, माझे पाय अवघडले!"

आई दहा मिनिटांत मोतिया रंगाची साडी नेसून आली. बाबांनी घेतलेली. गाडीपाशी येऊन सवयीने एकदम मागच्या ओळीकडे वळली. ह्यांनीच दार धरलं होतं. म्हणाले, "तिकडे नाही, आई, इथे."

संध्याकाळी परत निघताना ती पेढ्यांच्या दुकानाशी थांबली. स्वतःच्या पर्समधून पैसे काढून कवठाच्या बर्फीचे दोन पुडे घेतले. एक घरी. दुसरा कुणाला, म्हणून मी विचारलं.

"शेजारच्या वहिनींना," ती म्हणाली. "आज त्यांनी घर राखलं ना!"