मास्तरांचा संसार

कोल्हापुरात रंकाळ्यावर दिवेलागणीला भेळेच्या गाड्यांशी गर्दी होते. माणसं पुडा हातात घेऊन कठड्यावर टेकतात आणि हल्ली कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचा तुकडा वाजत असतो. पाठोपाठ हशा येतो. तो बसलेल्यांचा की आधीच भरून ठेवलेला, कळत नाही. असा हशा कानावर पडला की मला तुमची आठवण येते, मास्तर. खरं तर आठवण म्हणू नये. तुम्ही गेलात तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

विनायक दामोदर कर्नाटकी. जन्म कोल्हापूरचा, १९ जानेवारी १९०६ चा. त्या काळी नटांच्या नावाआधी ‘मास्टर’ लावायची रीतच होती; दीनानाथ, विठ्ठल, सगळेच मास्टर. पण तुम्ही खरोखरच शाळेत शिकवलं होतं. म्हणून इंग्रजी पाटीवरच्या ‘मास्टर’पेक्षा मला आपलं ‘मास्तर’ जवळचं वाटतं. वर्गात चाळीस पोरांना हसवून पुन्हा गप्प करता येणं ही दिग्दर्शनाचीच तालीम की!

प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तुम्ही नारद झालात, मग कोल्हापूर सिनेटोन, आणि १९३६ साली बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासोबत हंस पिक्चर्स. खांडेकरांच्या कथेवर ‘छाया’ केलात. रडवणंही तुम्हाला येत होतं. तरी गावानं तुम्हाला ओळखलं ते हसवणारा म्हणून, आणि त्याला कारण आचार्य अत्रे. त्यांनी लिहिलेला १९३८ चा ‘ब्रह्मचारी’. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरल्या आणि महाराष्ट्राला बोलायला विषय मिळाला. चित्रपट म्हटलं की अजून लोक तेवढंच सांगतात. मला मात्र औदुंबर आठवतो: एक व्याख्यान ऐकून घरी येणारा, भारावून नट्यांची चित्रं टाकून देणारा आणि आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणारा. तुम्हीच केलेला. मोठमोठ्या शब्दांनी फुगलेला साधा माणूस तुम्हाला नेमका दिसायचा. पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’त दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम औषधापुरती ब्रँडी शोधत दारूबंदीच्या दिवसांत वणवण फिरला. त्याला हसताना राग कुणाचाच येत नाही. ही तुमची जात होती. चिमटा काढायचा, पण रक्त काढायचं नाही.

एकदा सहज तुमच्या चित्रपटांची यादी सालवार लिहून काढली आणि हात थांबला. १९३८, ‘ब्रह्मचारी’. १९४०, ‘अर्धांगी’ आणि ‘लग्न पहावे करून’. १९४२, ‘पहिली मंगळागौर’. १९४३, ‘चिमुकला संसार’ आणि ‘माझं बाळ’. १९४५, ‘बडी माँ’. मधे ‘सरकारी पाहुणे’ही येऊन गेले, घर म्हटल्यावर पाहुणे आलेच. सगळ्यांचं दिग्दर्शन तुमचं नव्हे. मंगळागौर जुन्नरकरांची. पण मांडव तुमचाच होता. ठरवून कुणी अशी नावं ठेवत नाही. तरीही बोहल्यापासून पळणारा तो औदुंबर सात वर्षांत चालत चालत आईच्या पायाशी येऊन बसलेला दिसतो. हसवणाऱ्याला उशिरा का होईना, उंबरठा ओलांडून आत जावंच लागतं. बाहेर चौकात जी फजिती होते, तिची मुळं माजघरात असतात.

‘लग्न पहावे करून’मध्ये तुम्ही चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आणलात. दामुअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चारएक दशकांनी तोच चिमणराव दूरदर्शनच्या काळ्यापांढऱ्या चौकोनात आला, दिलीप प्रभावळकर होऊन. बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात आळी जमायची. पुढे प्रभावळकर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे आबा झाले. ती मालिका करणारे केदार शिंदे मग चित्रपटाकडे वळले, आणि २०२३ मध्ये त्यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका नऊवाऱ्या नेसून, नथी घालून घोळक्यानं गेल्या. टीव्हीवर हसवायचं आणि मग घरातल्या बायकांचा सिनेमा काढायचा, ही वाट आज मळलेली आहे. तुमच्या वेळी टीव्ही नव्हता एवढंच. वाट तीच होती आणि तिच्यावरचं गवत तुम्ही तुडवलंत.

कंपन्यांचाही तुम्ही संसारच केलात. हंस, नवयुग, प्रफुल्ल. एक मोडली की दुसरी चूल मांडायची. एप्रिल १९४२ मध्ये तुमचे दोस्त दीनानाथ गेले तेव्हा त्यांची थोरली मुलगी लता तेरा वर्षांचीही नव्हती आणि पाठीवर चार भावंडं. ‘पहिली मंगळागौर’मध्ये तुम्ही तिला काम दिलंत. पुढं प्रफुल्लमध्ये ती पगारावर आली, कोल्हापुरात राहिली. ‘बडी माँ’त नूरजहाँ नायिका, आणि लहानशा भूमिकांत लता आणि आशा. तुम्ही काय हेरलं होतंत कोण जाणे. बहुधा काहीच नाही, फक्त दोस्ताच्या घरात चूल पेटायला हवी होती. कोल्हापूर सिनेटोनची जागा पुढे भालजींचा जयप्रभा स्टुडिओ झाली, १९४८ च्या जाळपोळीत होरपळली, पुन्हा उभी राहिली आणि नंतर मालकीनं त्याच मुलीकडे गेली. तुम्ही जिथून निघालात, ते घर तिच्या नावावर झालं. ही गोष्ट ऐकून तुम्ही खळखळून हसला असतात.

१९ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झालेले. तुम्ही एक्केचाळीस वर्षांचे. गावोगावच्या पताका अजून उतरल्या नसतील. त्या गुलालात एका हसवणाऱ्याच्या जाण्याकडे कुणाचं लक्ष असणार?

यादीतलं शेवटचं नाव, ‘मंदिर’. तो तुमच्या हातून पुरा झाला नाही. दिनकर द. पाटलांनी पुढचं काम केलं, आणि १९४८ साली चित्रपट लागला. त्यात एक लहान मूल दिसतं, बेबी नंदा. तुमची मुलगी. पुढं व्ही. शांतारामांनी तिला ‘तूफान और दिया’त घेतलं, मग ‘छोटी बहन’ आला आणि सगळ्या देशाला ती आपल्या घरातली वाटू लागली.

कठड्यावरचा मोबाइल आता बंद झालाय. पुडा चुरगाळून माणसं उठतात, चपला शोधतात. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेसचे दिवे लागलेत. एक बाई पोराला ओढत नेतेय, आणि ते मघाचा विनोद तिला पुन्हा सांगतंय, चुकीचा, शेवट आधी सांगून. तरी ती हसते.