शेवटची पोळी

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये चहापेक्षा वाद जास्त उकळत होता. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली रस्त्यावरची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, असा आदेश दिला होता. २२ तारखेला तो बदलला. नसबंदी करून, लस टोचून कुत्री पुन्हा होती तिथं सोडा, मात्र रेबीज झालेली आणि अंगावर धावून येणारी सोडू नका, असं ठरलं. झालं! आमच्या टेबलावर दोन पक्ष पडले. एक म्हणत होता, "सगळी उचलून न्या." माझा एक कन्नड मित्र तावातावाने विचारत होता, "नायीदेनु तप्पु? कुत्र्याचा काय दोष?" एरवी दोन्ही भाषांत तोंड चालवणारा मी त्या दिवशी मात्र गप्प होतो.

"काय रे, तुझं मत काय?" कुणीतरी विचारलं. मी चहाचा कप उचलून तोंडाला लावला. खंड्याबद्दल त्या गलक्यात काही सांगावं असं मला वाटलं नाही. आज लिहितो आहे.

माझं आजोळ मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कुक्षीला. धारला पवारांचं राज्य होतं, त्या काळी इकडची काही मराठी घरं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. आजोळची मराठी ऐकून बेळगावच्या माणसाला गंमत वाटते. निम्मी हिंदी, त्यात निमाडीची फोडणी. इंदूरहून बसने धार मागं टाकलं आणि विंध्याचा घाट उतरला, की माळव्याची गार हवा संपते. मग कापसाची आणि मिरचीची शेतं लागतात. मे महिन्यात तिथं ऊन असं असतं की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. तरी शाळेची परीक्षा संपली की मला कुक्षीचे वेध लागायचे, आणि खरं सांगायचं तर त्याचं निम्मं कारण खंड्या होता.

आजोबांनी त्याला कापसाच्या जिनिंगच्या आवारातून धोतराच्या सोग्यात घालून आणलं होतं. तांबूस अंग, छातीवर पांढरा ठिपका, एक कान उभा आणि एक पडलेला. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणून नाव खंड्या. "साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. हाही काही साधासुधा नाही," असं आजोबा येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत. आजोबा गेले, तेव्हापासून त्यांच्या खाटेच्या जागी खंड्या झोपू लागला. आजीने त्याला तिथून कधी उठवलं नाही.

आजीच्या स्वयंपाकघरात पहिली पोळी गायीची आणि शेवटची पोळी कुत्र्याची. तव्यावर शेवटची पोळी पडली की खंड्याला कसं कळे कुणास ठाऊक, तो दारात येऊन शेपटीने उंबरा झाडू लागे. पोळी खाऊन रात्री नऊच्या सुमारास तो बाहेर पडे, तो पहाटे दूधवाल्याच्या सायकलीबरोबर परत येई. रात्रभर कुठं असे, कुणाशी भांडे, काय खाई, आम्हांला कधी प्रश्न पडला नाही. कन्नडात घरच्या कुत्र्याला 'मने नायी' म्हणतात आणि रस्त्यावरच्याला 'बीदी नायी'. आमचा खंड्या दिवसा मने नायी होता आणि रात्री बीदी नायी.

शेजारी एक निवृत्त मास्टरजी राहत. त्यांच्याकडेही एक कुत्री होती. ती अंगणात असे, संध्याकाळी साखळी लावून फिरायला जाई आणि दर वर्षी तिला लस टोचून आणली जाई. आम्ही पोरं तिला 'कैदी' म्हणत असू. एकदा मास्टरजी मला म्हणाले, "बेटा, आपल्या खंड्यालाही लस दे, रात्री आत ठेवत जा." मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मास्टरजी, खंड्या राजा आहे. राजाला साखळी शोभत नाही." ते हसले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

२०२४ च्या एप्रिलअखेर मी पी.यू.सी.ची परीक्षा देऊन कुक्षीला गेलो, त्याच आठवड्यात खंड्या एका पहाटे कानाखाली रक्त घेऊन आला. कुत्र्यांची भांडणं नेहमीचीच. आजीने हळद-तेल लावलं. आठ-दहा दिवसांत जखम भरली आणि आम्ही विसरलो. कुठल्या कुत्र्याने चावलं, ते कुत्रं पुढे जगलं की मेलं, हे कुणी पाहिलं नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटची पोळी उंबऱ्यावर तशीच पडून राहिली. खंड्या जिन्याखालच्या अंधारात जाऊन बसला होता. हाक मारली तर बघायचा, पण ओळखीचं काही डोळ्यांत नव्हतं. उन्हाळा बाधला असेल, असं मामी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो दाराची चौकट चावू लागला. भुंकणं घोगरं, तुटक झालं. २२ मेच्या दुपारी तो उठला आणि कुणी अडवायच्या आत रस्त्याकडे धावत सुटला.

अर्ध्या तासाने दारात एक बाई उभी राहिली. रस्त्यापलीकडे झोपडीत राहणारी, मिरचीच्या शेतात मजुरीला जाणारी. तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा झोपडीबाहेर खेळत होता. त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "कुत्ता आपका है?"

घरात त्या वेळी मोठं माणूस म्हणून मीच होतो. मामा दुकानावर, मामी आजीला घेऊन देवळात. मी म्हणालो, "नहीं. ऐसे ही आता है रोटी खाने."

वाचकहो, त्या दुपारी मला कुणी दटावलं नव्हतं, कुणी मारणार नव्हतं. तरी ज्याला मी राजा म्हणत होतो, त्याला एका वाक्यात नाकारून मी मोकळा झालो. बाई काही न बोलता निघून गेली. बहुधा तिला हेच उत्तर अपेक्षित असावं.

संध्याकाळी खंड्या परतला. जबडा लोंबत होता, लाळ थांबत नव्हती. पाण्याच्या पातेल्याशी गेला, तोंड बुडवलं, पण घोट उतरेना. मास्टरजींनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, "कुणी जवळ जाऊ नका. आज कुणाला चावला आहे का?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग सगळं सांगितलं. दुपारचं उत्तरही सांगितलं. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खंड्याला लांब काठीने गोठ्यात ढकलून कडी घातली आणि मोटारसायकल काढली.

झोपडीत मुलाच्या जखमेत मिरचीची पूड भरली होती. आमच्या भागात हाच उपाय करतात, विष जळतं म्हणे. मास्टरजींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही ती हापशावर साबणाने पंधरा मिनिटं धुतली. पोरगं किंचाळत होतं. आई दवाखान्यात यायला तयार होईना. पोटात चौदा इंजेक्शनं देतात, असं तिने ऐकलं होतं. ते खोटंही नव्हतं. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरपर्यंत बनत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला समजावलं की आता पोटात नाही, दंडात, कातडीतच टोचतात आणि चारच फेऱ्या होतात. त्या रात्री जखमेभोवती सीरम आणि दंडात पहिली लस दिली. पुढच्या तारखा चिठ्ठीवर लिहिल्या: २५ मे, २९ मे, १९ जून. आजीच्या बोटाला विळीची जखम होती आणि त्याच हाताने तिने खंड्याचं तोंड पुसलं होतं. माझ्या मनगटावर त्याच्या दाताचा ओरखडा होता. आम्हां दोघांचीही नावं त्याच रजिस्टरात लागली.

पाश्चरने १८८५ साली योसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस दिली, हे आम्ही शाळेत धड्यासारखं पाठ केलं होतं. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसाला होणारा हा रोग शंभरात नव्याण्णव वेळा कुत्र्यापासूनच येतो, हे मला त्या बाकावर बसून कळलं. शेजारी तो मुलगा आईच्या मांडीवर झोपला होता.

२४ मेच्या पहाटे खंड्या गेला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, खात्री मेंदू तपासूनच होते, पण लक्षणं तीच आहेत, रेबीजच समजून वागा. शेवटच्या दोन दिवसांत आजी गोठ्याच्या खिडकीशी उभी राहून "खंडू, खंडू" म्हणत होती. आत तो कशालाही चावत होता, मग पाय घासत पडला, मग पडूनच राहिला. ज्याने आयुष्यभर दार बंद पाहिलं नव्हतं, तो बंद दाराआड मेला. मामांनी हातमोजे घालून, शेताच्या बांधाजवळ खोल खड्डा खणून, चुना टाकून त्याला पुरलं. आजीला जवळ येऊ दिलं नाही. त्याच्या अंगावरून शेवटचा हात फिरवायचंही आमच्या नशिबी नव्हतं.

पुढच्या तिन्ही तारखांना मी त्या मायलेकरांना मोटारसायकलवरून नेलं. बेळगावला कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ वडिलांनी केली आणि मी १९ जूनपर्यंत कुक्षीलाच राहिलो. बाईची जेवढी मजुरी बुडाली ती मामांनी भरून दिली. पण ज्या रात्री तिला झोप लागली नसेल, त्या कशाने भरायच्या? अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई झाल्यावर डॉक्टर "झालं" म्हणाले, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. तिच्या त्या हसण्याने मला जास्तच लाज वाटली.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा-खर्चाशिवाय आम्हांला दुसरं फारसं येत नाही. पण त्यानंतर एक गोष्ट वाचनात आली, ती आमच्याच विषयातली वाटली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात संशोधकांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं. वजनाने पाहिलं तर त्यात सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा फक्त ११ टक्के, आणि तरी त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि दिवसा तिच्यामागे राखण्या असतो. शेळीला बाजारात भाव आहे, म्हणून तिला दार आहे. कुत्र्यावर आपण नुसतं प्रेम करतो, म्हणून ते बाहेर! बिबट्या असो, रात्रीचा ट्रक असो, कुणी टाकलेलं विषारी खाणं असो की पिसाळलेल्या कुत्र्याचा दात, सगळ्यांना आधी तेच सापडतं.

खंड्याच्या वर्षाच्या लशीला सिनेमाच्या एक-दोन तिकिटांएवढा खर्च आला असता. तो आम्ही केला नाही आणि त्याला 'स्वातंत्र्य' असं गोंडस नाव दिलं. मोकळं सोडण्यात खरा मोकळा झालो होतो तो आम्ही: राखण्यातून, खर्चातून, आणि वेळ आली तेव्हा 'आमचं नाही' म्हणण्यापुरते. देणं मात्र कुठं जात नाही. आमच्या वहीत लिहिलं नाही, तर ते दुसऱ्याच्या नावावर चढतं. या वेळी ते रस्त्यापलीकडच्या एका पोराच्या पोटरीवर चढलं.

म्हणून मित्रांनो, कँटीनमधल्या वादात मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटल्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं नगरपालिकेने काय करावं ते करावं, आणि ते केलंच पाहिजे. पण पशु जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत हेही लिहिलं आहे की पाळलेल्या जनावराची लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. आपल्या गावोगावी अशी किती 'अर्धी घरची' कुत्री असतील! पोळी आपली, नाव आपण ठेवलेलं, आणि रात्र मात्र रस्त्याची. सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्यापैकी एकाला तरी लस टोचून आणा आणि रात्री दार लावून घ्या. साखळीत प्रेम कमी होत नाही. मास्टरजींची 'कैदी' आज म्हातारी होऊन अंगणात ऊन खात पडलेली असते.

गेल्या दिवाळीत कुक्षीला गेलो होतो. आजीने दुसरं कुत्रं आणू दिलेलं नाही. शेवटची पोळी ती अजून लाटते आणि मास्टरजींकडे पाठवते. मी दारात उभा असताना तो मुलगा दोन सवंगड्यांना घेऊन रस्त्याने जात होता. मला पाहून थांबला, चड्डीखालची पोटरी पुढे करून पांढरा वण मित्रांना दाखवला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "इनके कुत्ते ने काटा था."

त्याचा मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "आपका था?"

मी म्हणालो, "हाँ. हमारा था. खंड्या नाम था उसका."