आधी पणजी शोध

प्रिय बाळू,


पणजोबा सापडले म्हणून तू थेट संगमरवरी पाटी सांगून आलास? अरे, एक फोन तरी करायचास! पत्र वाचलं आणि माझी झोपच उडाली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. 17 फेब्रुवारी 1881 च्या खानेसुमारीत त्यांचं नाव मिळायचं नाही. आकडे काढून झाल्यावर घरोघरचे कागद कुणी जपले नाहीत, उरले ते तक्ते. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती किती होते ते त्यात कळेल, आपला माणूस कळायचा नाही.

आता तुझी ती दफनाची नोंद. ‘याकोब, वय 50, ताप.’ एवढ्यावर भुललास? अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्येच नगरला आलं, याकोब काय एकच असेल? त्यातून आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला! वय धड ठाऊक नसलं की लिहिणारा 40, 50 असा आकडा टाकून मोकळा. आणि ताप! त्या काळी निम्मं गाव तापाच्या रकान्यात जायचं.

पणजोबांची बायको शोध, बाळू. पोरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबाप दोघं सापडतील. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानंतरची लग्ननोंद मिळाली तर वधूवरांचे वडीलही. तुझ्या वंशावळीत बापामागून बाप, बाई एकही नाही. पोरं काय झाडाला लागली होती? आजी भाकऱ्या थापता थापता सासू, आजेसासू, त्यांची माहेरं, सगळं सांगायची. तू तेव्हा पतंगामागे. शेवगावकडची तुझी पणजी 1877 च्या दुष्काळात पोटाशी पोर बांधून खडी फोडत होती, म्हणून तू आज पाटी सांगायला आहेस. तिचं नाव विचारावंसं नाही वाटलं?

मला धास्ती वेगळीच आहे. उद्या त्या याकोबचे खरे पणतू आले आणि कबरीवर आपलं आडनाव दिसलं, तर त्यांनी कुठे जायचं?

नोंदी बघायला पाळकसाहेबांकडे पुन्हा जा, पण नाकाला रुमाल बांधून. तुझा खोकला अजून गेलेला नाही. थुंकी लावून पानं उलटू नकोस. आणि पाथरवटाला आजच थांबव. पणजीचं नाव शेजारी लागत नाही, तोवर ती कबर आपली नाही.

तुझी,
आत्या