थोरांची लहान सुखे

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातेत जन्मली असली तरी मराठी मुलखाला ती परकी नाही, आणि ज्याने या शहरात काही हिवाळे काढले आहेत त्याला तीत अतिशयोक्ती आहे असे कधी वाटत नाही. थंडी अंगी लागू लागली की कोवळ्या ज्वारीची कणसे भाजून झोडपलेला हिरवागार पोंक तापीकाठी विकावयास येतो, आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तो खाताना येथील लहानथोर माणसे इतकी तृप्त दिसतात की सुख म्हणजे काय हे सुरतेच्या रहिवाशाला कोणी शिकवावे लागत नाही. अशा या रसिक नगरीत, ऐन पोंकाच्या हंगामात, डिसेंबर १९०७ च्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि मोडले. त्या भंगलेल्या अधिवेशनाचे राजकारण पुष्कळांनी लिहिले आहे, पण त्या व्यासपीठावरील दोन मराठी पुरुषांकडे पाहताना माझ्या मनात राजकारणाहून निराळाच एक प्रश्न उभा राहतो.

२७ डिसेंबरचा तो दिवस. टिळकांनी चिठ्ठी पाठवून बोलण्याची मुभा मागितली होती. ती मिळेना, तेव्हा ते स्वतः व्यासपीठावर चढले आणि बसण्याचा हुकूम न मानता हाताची घडी घालून निश्चल उभे राहिले. मंडपात एकच गिल्ला उसळला, खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि कोणीसा भिरकावलेला दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. त्याच धुमश्चक्रीत, टिळकांवर चालून येणाऱ्यांना थोपविण्यासाठी दोन्ही हात पसरून त्यांच्या शेजारी उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले, त्यांचे कित्येक वर्षांचे प्रतिपक्षी. ही हकिकत तेथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने लिहून ठेविली आहे. हे दोघेही एके काळी पुण्याच्या एकाच संस्थेत गणित शिकवीत होते. दोघांनाही ग्रंथांत आणि विद्यार्थ्यांत रमण्याचे शांत आयुष्य हाताशी होते, आणि दोघांनीही ते सोडून दिले. मग प्रश्न असा, की मोठ्या कार्याचे धनी होऊ पाहणाऱ्याने आयुष्यातील लहान सुखांवर पाणी सोडलेच पाहिजे काय?

आपल्याकडे याचे उत्तर फार लवकर दिले जाते. त्याग ही थोरवीची पहिली पायरी, असे आपण बाळपणापासून ऐकतो, आणि त्यामुळे ज्याने अधिक टाकले तो अधिक थोर, असा हिशेब आपल्या मनात नकळत पक्का होतो. मला हा हिशेब मान्य नाही. टिळकांना गणिताचा आणि वेदविद्येचा जो लळा होता तो सार्वजनिक आयुष्याच्या रणधुमाळीत कधीच आटला नाही. १८९७ च्या कारावासात माक्स म्युल्लरने पाठविलेला ऋग्वेद त्यांच्या सोबतीला होता, आणि स्वराज्य मिळाले तर आपण गणिताचे प्राध्यापक होऊ, असे ते म्हणत. ज्याला एखादी वस्तू नकोच आहे त्याने ती टाकण्यात त्याग कसला? टिळकांच्या त्यागाला मोल आले ते एवढ्यासाठी, की जे त्यांनी दूर सारले ते त्यांना अखेरपर्यंत हवेहवेसे होते.

गोखल्यांची कथा अधिक चटका लावणारी आहे. १९०२ च्या प्रारंभी कलकत्त्यास तरुण गांधी महिनाभर त्यांच्यापाशी राहिले होते. गोखले ट्रामने न जाता घोड्याच्या गाडीने हिंडतात, हे पाहून गांधींना खटकले आणि त्यांनी ते स्पष्ट विचारले. तेव्हा गोखल्यांनी खेदाने सांगितले की ट्राममधून मोकळेपणी जाण्याच्या तुमच्या स्वातंत्र्याचा मला हेवा वाटतो, पण माझ्याएवढी ओळख ज्याच्या वाट्याला आली त्याला ते साधणे कठीण असते. मग गांधींनी दुसरा प्रश्न केला: आपण फिरावयासही जात नाही, मग प्रकृती सदैव बिघडलेली असावी यात नवल ते काय? त्यावर गोखल्यांचा प्रतिप्रश्न एवढाच होता, की फिरावयास मोकळा असा मी तुम्हाला कधी दिसतो? गांधींनी गुरुस्थानी मानलेल्या त्या पुरुषापुढे आदराने मौन धरले, पण ते उत्तर त्यांना पटले नाही. जेवणाला जसा वेळ काढावा लागतो तसा व्यायामालाही काढलाच पाहिजे, हे मत त्यांनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस होते. या प्रकरणात माझा कौल निःशंकपणे त्या तरुण पाहुण्याच्या बाजूने आहे. कारण रोजच्या फेरफटक्याची ती घटका गोखल्यांनी देशाला अर्पण केली खरी, पण तिच्यापायी देशाची कितीतरी वर्षे गेली नसतील, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे?

आणि नियतीची विपरीत गती अशी, की लोकांनी ज्यांना क्षणाची उसंत दिली नाही त्यांना ती सरकारच्या तुरुंगाने दिली. सुरतेनंतर सात महिन्यांच्या आत टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मंडालेच्या लाकडी कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. तेथेच त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचाही अभ्यास केला. सरदार वल्लभभाईंचेही तसेच झाले. वकिलीच्या दिवसांत अहमदाबादच्या क्लबात पत्त्यांच्या डावात रंगणारा हा माणूस पुढे त्या टेबलाकडे परतला नाही. पण १९३२ साली येरवड्यास गांधींबरोबर कैदेत असताना रद्दी कागदांची पाकिटे करण्यात आणि संस्कृतचे धडे गिरविण्यात त्याचे मन मुलासारखे रमले. साध्या सुखांची ही ओढ थोर पुरुषांच्या ठायी मरत नाही, ती केवळ संधीची वाट पाहत असते, याचा याहून मोठा पुरावा आणखी कोणता हवा?

परंतु या त्यागाचा जो हिस्सा घरच्यांच्या वाट्याला येतो, त्याविषयी मात्र मला असे समाधान लाभत नाही. शिवछत्रपती जानेवारी १६६४ मध्ये सुरतेची संपत्ती घेऊन राजगडाच्या वाटेला लागले, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस दूर कर्नाटकात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. पुत्राला पित्याचे अखेरचे दर्शनही घडले नाही. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई टिळक पुण्यात निवर्तल्या, तेव्हा पती मंडालेस होते. लग्नापूर्वी या नदीचेच, तापीचे, नाव धारण करणाऱ्या त्या साध्वीने संसाराची किती वर्षे वाट पाहण्यात घालविली, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तारेने ती वार्ता कळल्यावर टिळकांनी घरी धाडलेल्या पत्रात कबूल केले, की संकटे शांतपणे सोसण्याची मला सवय असली तरी या आघाताने मी पुष्कळच हादरलो, आणि अशा वेळी मी तिच्याजवळ नव्हतो याचे दुःख अधिक आहे. पुरुषाने आपले सुख दिले ते स्वेच्छेने. पत्नीचे सुख गेले ते बहुधा तिची संमती न विचारताच. थोरांचे पोवाडे गाताना हे ऋण आपण मान्य करीत नाही, ही मला मोठी कृतघ्नता वाटते.

शेवटी, हा सारा त्याग कशासाठी होता, हेही विसरता कामा नये. सुरत जिल्ह्यातील बारडोलीत सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला, आणि १९२८ साली तो भरण्याचे नाकारल्यावर जप्तीचे कामगार दारोदार हिंडू लागले, तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या म्हशी घरात घेऊन आतून कड्या लावल्या. माणसे आणि जनावरे महिनोन्‌महिने त्याच अंधाऱ्या, कोंदट घरांत एकत्र राहिली. सरदारांच्या नेतृत्वाखाली तो लढा ज्यासाठी लढला गेला ती वस्तू मुळीच अमूर्त नव्हती. ती होती आपल्या दावणीची म्हैस, आपल्या चुलीवरचे दूध, आपल्या शेताच्या बांधावर निर्धास्तपणे टेकण्याचा हक्क. सरदारांना ही सुखे क्षुद्र वाटती, तर ते त्यांच्यासाठी सरकारशी झुंजते कशाला? स्वराज्य म्हणजे असंख्य सामान्य माणसांची लहान सुखे सुरक्षित असण्याची हमी. आणि ज्या नेत्याच्या जिभेला त्या सुखांची चव उरलेली नाही, तो लोकांकडेही तीच रुक्षता मागू लागतो, त्यांच्या भुकेला अधीरपणा म्हणू लागतो, त्यांच्या विसाव्याला आळस ठरवितो. असा विरक्त पुरुष मला लोभी पुरुषाइतकाच भयप्रद वाटतो.

म्हणून ज्यांच्या हाती आपण आपले भवितव्य सोपवितो त्यांच्याकडून आपण त्यागाची नव्हे, कर्तव्याची अपेक्षा करावी. कर्तव्यासाठी प्रसंगी सुख सोडावे लागले तर ते त्यांनी सोडावे, पण प्रसंग सरल्यावर त्याकडे परत येण्याची त्यांना लाज वाटू नये, अशी मोकळीक समाजाने त्यांना दिली पाहिजे. सायंकाळी फिरावयास निघालेल्या पुढाऱ्याची वाट अर्ज घेऊन अडविणारा, आणि उद्या त्याच पुढाऱ्याच्या ढासळलेल्या प्रकृतीबद्दल हळहळणारा, माणूस एकच असतो. तो माणूस आपण आहोत, आणि ही रीत बदलणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.